अंगठ्याचे माप

गॅरेजमधल्या बाकाखाली ढकललेला, कामातून उरलेला कॅरियर ताईने केवळ झाडू फिरवायला जागा व्हावी म्हणून बाहेर ओढला. सकाळचे नऊ वाजून गेले होते. धाकटा भाऊ विटांनी भरलेला ट्रक घेऊन सातलाच निघाला होता. त्या जुन्या ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये ताईने आणि मामांनी दोन दिवस खपून नवे गिअर बसवले होते. काल संध्याकाळी हात धुताना दोघांनाही काम मनासारखे झाल्याचे समाधान होते.

जुन्या ट्रकांची एक खोड असते. क्राऊन म्हणजे गिअरचे मोठे दातेरी चक्र ज्या लोखंडी पिंजऱ्यावर बोल्टांनी आवळतात, त्याला कॅरियर म्हणतात, आणि तो दोन प्रकारचा येतो : वेगाच्या गिअरांचा एक, ओझ्याच्या गिअरांचा दुसरा. गॅरेजात दोन्ही होते, दिसायला जुळ्या भावांसारखे. फरक एवढाच, की क्राऊन ज्या कडेवर टेकतो ती कड बेअरिंगच्या बैठकीपासून एकात थोडी लांब असते, दुसऱ्यात सहा मिलिमीटरने जवळ. मामा हा फरक कधी मोजत नसत. मधल्या जागेत ते अंगठा आडवा घालत. अंगठा मावला तर वेगाचा, अडला तर ओझ्याचा. चाळीस वर्षांत हे माप चुकले नव्हते, आणि ताईचे वडील हयात असतानाही या बाबतीत मामांना कोणी दुसऱ्यांदा विचारले नव्हते.

ताईने सवयीने व्हर्निअर लावला. आकडा वाचला, जबडे फडक्याने पुसले आणि पुन्हा लावला. आकडा तोच आला. बाकाखाली उरलेला कॅरियर ओझ्याचा होता. म्हणजे ओझ्याचे नवे गिअर वेगाच्या कॅरियरवर चढले होते.

क्षणभर तिला हायसे वाटले, कारण असे होणे शक्यच नव्हते. चुकीच्या कॅरियरवर क्राऊन त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्रापर्यंत, पिनियनपर्यंत, पोचतच नाही. दात दातांना लागत नाहीत. आणि दात नीट लागल्याचे काल तिने स्वतः मापाचे डायल-घड्याळ लावून तपासले होते. मग तिची नजर फळीवरच्या वडिलांच्या पत्र्याच्या डब्यावर गेली. झाकण उघडे होते. आतल्या तेलकट कागदावर एक मोठा गोल वळ उमटलेला होता, आणि त्या वळाची वस्तू तिथे नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "बाबांच्या डब्यातली चकती कुठंय?"

मामा दाराशी स्टुलावर बसून रॉकेलमध्ये पाने धूत होते. "ती लावली की. तू ब्रेक बघत होतीस तेव्हा. क्राऊन पोचेना. म्हटलं, म्हाताऱ्या गाडीचं घर झिजलंय. चकती घातली खाली, कसं चपखल बसलं. तूच म्हणालीस ना, 'मामा, हात धुऊन ठेवा, दृष्ट लागेल.'"

"बोल्ट कुठले?"

"जुनेच. चांगले होते."

"चकती सहा मिलिमीटर जाड आहे. तेवढे बोल्ट आट्यातून कमी गेले."

मामांनी हातातला पाना रॉकेलात सोडला. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले, आणि तेव्हा ताईने त्यांचा अंगठा पाहिला. सांधा लिंबाएवढा सुजला होता.

"हे कधीपासून?"

"महिना झाला असेल. मरू दे गं, वयाचं दुखणं."

"दुसरा कॅरियर मापून बघितला होता?"

"पहिल्यालाच अडला. मग दुसरा कशाला मापायचा?"

ताईने बाकाखालचा कॅरियर उचलून त्यांच्यापुढे धरला. मामांनी अंगठा घातला. तो अडला. तो अंगठा आता कशातही अडणार होता.

भावाचा फोन लागेना. घाटात तो लागत नसेच. ताईला समोरची भिंत दिसत होती, पण मन एक्सलच्या आत शिरले होते. चढावर इंजिन गिअरांना एका बाजूने रेटते. तेवढे ते बोल्ट कदाचित सोसतील. उतारावर गाडीच इंजिनला ढकलते, जोर उलटा फिरतो. चार-पाच आट्यांवर टांगलेले बोल्ट मग हलू लागतील. एकदा क्राऊन सुटला, की एकतर मागची चाके जागीच जाम होतील, नाहीतर इंजिनचा धरबंध सुटून सगळा भार ब्रेकवर येईल. मागे सात टन विटा, पुढे अकरा वळणे.

आशा एकच होती. घाटमाथ्यावर थांबून, चाकांना दगड लावून, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्याशिवाय धाकटा उतारावर गाडी घालत नसे; तेवढ्यात त्याला काही खटकले तर. ही शिस्त त्याला वडिलांनीच लावली होती.

कॅरियर आणि हत्यारांची पेटी पिकअपमध्ये टाकून ती निघाली. मामा न बोलावता शेजारी येऊन बसले.

"जरा जोरात घे," ते म्हणाले.

"घेतेच आहे."

"मी उतरतो वाटल्यास. तेवढंच वजन कमी."

"तुमचं वजन ते किती, मामा. गप्प बसा."

दुखरा अंगठा त्यांनी दुसऱ्या मुठीत लपवला होता. प्रत्येक वळणावर ताईची नजर आधी रस्त्याच्या कडेला जाई, मग कठड्याकडे. एका ठिकाणी तुटकी वीट पडलेली दिसली आणि तिने वेग कमी केला; पण ती जुनी, पावसाने काळवंडलेली वीट होती.

घाटमाथ्यावरची जागा रिकामी होती. चाकांना लावायचे दोन दगड तेवढे पडले होते, आणि त्यांच्यामध्ये मातीत तेलाचे ताजे थेंब.

"गेला," मामा म्हणाले.

ताईने गाडी उतारावर घातली. पहिले वळण रिकामे. दुसऱ्या वळणापलीकडे ट्रक उभा होता, डोंगराच्या अंगाला नाक लावून, चारी चाकांना दगड देऊन. धाकटा गटाराच्या कट्ट्यावर बसला होता. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती उघडायची त्याला शुद्ध नव्हती.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "चढावर नव्हता. उतार लागला तशी करकर सुरू झाली."

"मग लगेच थांबला नाहीस?"

"म्हटलं, ताईचं काम आहे, उगाच शंका कशाला. दोन वळणं तसाच गेलो. मग घाबरलो."

ताई ट्रकखाली शिरली आणि एक्सलचे मागचे झाकण तिने सोडवले. तेल वाहून गेल्यावर तळाशी तीन बोल्ट दिसले, त्यांतल्या एकाचे डोके तुटलेले. उरलेल्या सातांपैकी चार तिने बोटांनी फिरवले.

"किती वळणं गेलो असतो?" वाकून बघत धाकट्याने विचारले.

"ते विचारू नकोस."

"चूक तिची नाही," मामा वरून म्हणाले. "कॅरियर मी निवडला. अंगठ्याने."

"मी मोजायला हवा होता," ताई ट्रकखालूनच म्हणाली. काल व्हर्निअर बाकावरच पडलेला होता. मामांना वाईट वाटेल म्हणून तिने तो उचलला नव्हता.

धाकट्याने मामांच्या हाताकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊ पाहत होता, पण भीतीने त्याला अजून जागा दिली नव्हती. "दवाखान्यात दाखवलात का हा?" तो शेवटी म्हणाला. मामांनी नकारार्थी मान हलवली.

ट्रक आता इथेच खोलावा लागणार होता. विटा उतरवायला माणसे आणावी लागणार होती. ताई बाहेर येऊन रस्त्यावरच बसली. मामांनी पिकअपमधला कॅरियर छातीशी धरून आणला, तिच्यासमोर ठेवला आणि पेटीतून व्हर्निअर काढला. दोन्ही हातांनी, दुखरा अंगठा बाजूला ठेवत, त्यांनी जबडे कडेला आणि बैठकीला नीट टेकवले. या कामासाठी तिने त्यांच्या हातात व्हर्निअर कधी पाहिला नव्हता.

"मला आकडा दिसत नाही," ते म्हणाले. "तू वाच."

तिने वाचला.

"परत."

तिने परत वाचला. मामांनी व्हर्निअर हलू न देता मान वळवून धाकट्याकडे पाहिले.

"आता तू ये. तूही वाच."