आर्विडच्या पेटीतला लाकडी बेडूक

मी लाकडी बेडूक बोलतोय. डरावडराव करता येत नाही, म्हणून काही मी मुका नाही. माझा जन्म मासे फसवण्यासाठी झाला, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको.

अमेरिकेतल्या मिनेसोटात एका शेताच्या कुंपणाचा सीडरच्या लाकडाचा जुना खांब मोडला, त्याच्या तुकड्यातून आर्विड नॉर्डबीने मला कोरलं. पाठ हिरवी, पोट पांढरं, पाय हरणाच्या शेपटीच्या केसांचे. पाठीवर त्याने काळे ठिपके दिले, पिवळे डोळे रंगवले आणि मला उजेडात धरून स्वतःशीच हसला. खरं सांगायचं तर ठिपके आणि डोळे हे माणसांसाठी असतात. माशाला खालून माझं पोट तेवढं दिसतं.

आमच्याकडची तळी लहान. पलीकडच्या काठावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल एवढीच. पण त्यांत गवत आणि कमळाची पानं इतकी की पाणी शोधावं लागतं. बास मासा पानांखाली सावलीला बसतो. पाइक हा लांब, दातेरी शिकारी मासा; तो गवताच्या कडेला हलत नाही, डुलत नाही, नुसता टपून असतो. म्हणून आर्विडने माझा गळ टोक वर करून बसवला आणि त्याच्यापुढे एक बारीक लवचिक तार लावली. गवत त्या तारेवरून घसरून जातं. माशाचा जबडा पडला की मात्र तार दबते आणि गळ मोकळा होतो. अशी अक्कल पेटीतल्या दुसऱ्या कुणाला नव्हती. मासे भुलवायचे चकचकीत पत्र्याचे चमचे होते, गरगर फिरणाऱ्या भिंगऱ्या होत्या, तीन तोंडांचे गळ लटकवलेले रंगीत लाकडी मासे होते. दिसायला सगळे माझ्याहून देखणे. गवतात गेले की सगळ्यांची फजिती.

चौदा उन्हाळे मी आर्विडच्या हातून उडालो. तो डेअरीत कामाला होता. सुटी झाली की तडक तळ्यावर. कमळाच्या पानावर अलगद टाकायचा मला, लाटा विरेपर्यंत थांबायचा आणि मग बोटभर ओढायचा. माणसांमध्ये एवढा धीर मी फार थोड्यांत पाहिलाय.

मग एका हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभही वाचली. जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. पण उजवा हात गेला आणि पाय अधू झाला. डॉक्टर म्हणाले, रोज फिरायला जा, डाव्या हाताने कामं करा. आर्विड खिडकीशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. एप्रिल गेला, मे गेला, तो दाराबाहेर पडला नाही. त्याची बायको सिग्ने शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. सकाळी जाताना तो जसा बसलेला असे तसाच तिला दुपारी दिसायचा. ती घाबरली होती. हा माणूस असाच बसून संपणार, अशी भीती तिला वाटायची. कपाटातल्या पेटीत पडून मला तिचे उसासे ऐकू यायचे.

जूनमध्ये चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंची विक्री होती. सामान गोळा करायला माणसं दारात आली तेव्हा सिग्ने घरी नव्हती. आर्विडने बसल्या जागेवरून कपाटाकडे बोट दाखवलं, "ती पेटीही न्या."

म्हणजे माझी रवानगी विणलेल्या टोप्या आणि कान तुटलेल्या कपांच्या मध्ये झाली. एका गृहस्थाने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "नाताळच्या झाडावर टांगायला बरा आहे."

"ठेव तो खाली!"

सिग्ने होती. विक्रीच्या दिवशी कॉफीचं काम तिच्याकडे असायचं. हातातली किटली तिथेच टेकवून तिने मला त्या माणसाच्या मुठीतून काढून घेतलं, सगळी पेटी गोळा केली आणि त्या जागी मोबदला म्हणून आपला मधे भोक असलेल्या केकचा साचा ठेवला. त्या साच्यातला केक गावात नावाजलेला होता. तिचे हे उपकार मी कसे विसरू?

घरी आर्विडने पेटी पाहिली. "ही परत कशी आली?"

"कुणी घेतलीच नाही," सिग्ने धडधडीत खोटं बोलली.

"कुणीच नाही?" आर्विडला ते फार लागलं. "माझा बेडूकसुद्धा नाही? गाढवं आहेत सगळी! या गावात मासेमारी कळतेय कुणाला?"

बऱ्याच महिन्यांनी त्याचा आवाज चढला होता. सिग्नेने तेवढीच संधी साधली. "ऐक ना. गुद्रुनच्या तळ्यात मोठा पाइक शिरलाय. बदकांची नऊ पिल्लं होती, चार उरलीत. ती म्हणते, मीच पकडते, पण काय टाकायचं ते आर्विडने येऊन सांगावं."

"गुद्रुन? तिला साधी माशी मारता येत नाही."

"मग मी पकडीन."

आर्विड तिच्याकडे बघतच राहिला. "तू? हे मात्र बघायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला गाडीत घालून गुद्रुनच्या तळ्यावर नेलं. गुद्रुन शेजारच्या शेतावरची विधवा, जाडजूड आणि मोठ्या आवाजाची. तिने काठावर घडीची खुर्ची मांडून ठेवली होती. आर्विड बसला आणि लगेच साहेब झाला.

सिग्नेने पेटीतला सगळ्यात चकचकीत चमचा निवडला. आर्विडने तिला अडवलं नाही. तिने तो फेकला, ओढला आणि टोपलीभर गवत काठाला आणलं.

"छान," आर्विड म्हणाला. "जेवायला कोशिंबीर झाली."

मग तिने तीन तोंडांच्या गळांचा लाकडी मासा टाकला. तो कमळाच्या देठांत असा अडकला की गुद्रुनला गुडघाभर चिखलात उतरावं लागलं.

"काय टाकायचं ते सांगायला आणलंय ना तुला?" सिग्ने तडकली. "मग तोंड उघड की!"

"बेडूक घे," तो हळूच म्हणाला. "आणि पुढे वीतभर बारीक तार बांध. बाससाठी असता तर नुसत्या तंगुसावर सोडला असता. पाइकचे दात तंगूस कापतात."

तिने मला बांधलं. पहिल्या फेकीला मी विलोच्या फांदीला लटकलो. दुसऱ्या फेकीला माझ्याच नशिबाने पानाच्या कडेवर पडलो. लाटा विरल्या. तिने बोटभर ओढलं. पाणी फुगलं आणि धाड्‍कन माझ्यावर हल्ला झाला. सिग्नेने किंचाळून गळाची काठी उपसली. पाइकचा जबडा नीट मिटायच्या आत मी हवेतून उडत आलो आणि थेट आर्विडच्या छातीवर आपटलो.

"अगं बाई, मासा तिकडे आहे! मी इकडे!"

"त्याने तोंड मारलं ना? मग ओढायचं नाही?"

"त्याला गिळू तरी दे! जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची आणि मग ओढायचं. बाससाठी अर्धी पुरते. पाइक भक्ष्य आधी आडवं धरतो, मग गिळतो, त्याला आमेनपर्यंत वेळ द्यायचा."

गुद्रुन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे इतकी वर्षं तू तळ्यावर ओठ हलवत बसायचास, ते हे? आणि आम्ही चर्चमध्ये तुझं उदाहरण द्यायचो, किती भाविक माणूस म्हणून!"

आर्विड कानांपर्यंत लाल झाला. आणि मग हसला. त्या झटक्यानंतर तो पहिल्यांदाच हसला. सिग्नेने झटकन तोंड पाण्याकडे फिरवलं. तिचे डोळे भरलेले मला दिसले, कारण तोवर तिने मला परत हातात घेतलं होतं.

अर्ध्या तासाने पाणी पुन्हा फुगलं. या वेळी सिग्नेने डोळे घट्ट मिटले आणि मोठ्याने, सावकाश, एकही शब्द न गाळता प्रार्थना म्हटली. माझ्या अंगात दात रुतत होते आणि ही बाई प्रार्थना म्हणतेय! आमेन झालं. तिने ओढलं. गळ बसला.

पाइक गवतात घुसला. काठी कमान झाली. सिग्नेने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, पण मग रीळ फिरवायला हातच उरेना. "आर्विड, हात पुरत नाहीत मला!"

आर्विड खुर्चीतून उठला. कसा उठला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. लंगडत तिच्या डावीकडे आला आणि डाव्या हाताने रिळाची मूठ धरली. तिने काठी तोलायची, त्याने फिरवायचं. "खाली कर," तो म्हणे. "आता वर." दोघं एकमेकांच्या पायांवर पाय देत होते, एकमेकांवर ओरडत होते. गाडीभर गवतासकट पाइक काठाला आला तेव्हा गुद्रुनने तो धुण्याच्या टोपलीत घेतला.

आर्विडला धाप लागली होती. सिग्नेला वाटलं, आता हा घरी चल म्हणणार. तो म्हणाला, "पुन्हा टाक."

त्या पाइकचा एक तुकडा गुद्रुनकडे राहिला, कारण ज्याचं तळं त्याचा पहिला वाटा. बाकीच्याचं सिग्नेने व्हिनेगरमध्ये लोणचं घातलं. त्यात पाइकचे बारीक काटे विरघळून जातात. सबंध उन्हाळा ती दोघं तीन हातांनी मासे धरत होती. मला मात्र एक पाय गमवावा लागला आणि पाठीवर दातांच्या खुणांची रांग उमटली.

हिवाळ्यात आर्विडने लाकूड टेबलाच्या कडेच्या लोखंडी शिकंज्यात आवळलं आणि डाव्या हाताने दुसरा बेडूक कोरायला घेतला. चार महिने लागले. नमुन्यासाठी मी समोर असायचो. किती वेळा त्याने मला हातात घेऊन चाचपलं, याचा हिशेब नाही. शेवटी माझा गळ काढून त्याने नव्याला बसवला. त्या वळणाचा गळ आता मिळत नाही म्हणे. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ज्याने दिला त्यानेच नेला.

नवा बेडूक पाण्यात एका अंगाला कलतो. सिग्नेने बादलीत सोडून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर लंगडा आहे."

"लंगडाच बरा," आर्विड म्हणाला. "पाइकला तसाच लागतो."

मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेलो असतो. गळ नाही, म्हणजे यापुढे मी कुणालाही फसवू शकत नाही. पाण्यातल्यांनो, आजवर जे केलं त्याची माफी मागतो. आणि तुम्हा माणसांना एक विनंती आहे, कुणी खुर्चीला चिकटून आपल्या आवडीची वस्तू देऊन टाकायला निघाला, तर ती एकदा परत आणून बघा. माझ्या तर आयुष्याचं सोनं झालं.

आत्ता सकाळ आहे. सिग्ने डब्यात पाव आणि चीज भरतेय. बाहेर गाडीचा भोंगा दुसऱ्यांदा वाजला. आर्विड केव्हाचा जाऊन बसलाय आणि तिथूनच ओरडतोय, "सिग्ने, आटप! मासे काय तुझी वाट बघत बसणारेत?"