दोन गाठींचं सूप

माझ्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज बंद. नाहीतर त्या ब्रँडलला मी तिथल्या तिथे झोडपलं असतं.

अँटवर्पच्या हॉस्पिटलात तिची खाट माझ्या शेजारी. तिच्या मुलाला, आन्शेलला, लीव्हशी लग्न करायचं होतं. लीव्ह जन्माने आमच्यातली नव्हे. ज्यू व्हायचं म्हणून तीन वर्षं जीव तोडून शिकत होती. आता रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हो म्हटलं की झालं, आणि पोरगी खाण्यापिण्याचे नियम पाळते का, हे ते ब्रँडललाच विचारणार होते.

वॉर्डाचा मायक्रोवेव्ह आमच्या दारासमोरच. त्यात कोणी डुकराचं मांस गरम करतं, कोणी आणखी काय. म्हणून आपलं अन्न दुहेरी बंद करूनच आत ठेवायचं. लीव्हने आमच्याच लोकांच्या दुकानातून कोंबडीचं सूप आणलं. डबा एका पिशवीत, ती दुसरीत, दोन्हींना गाठ. गरम झाल्यावर तसंच बांधलेलं ब्रँडलच्या पुढ्यात ठेवलं.

"गाठी तुम्हीच सोडा, काकू."

ब्रँडलने गाठी चाचपल्या, सोडल्या आणि सूप ओरपलं. डबा चाटायचाच काय तो बाकी ठेवला.

दुपारी आन्शेल रब्बींना घेऊन आला.

"पिशवी उघडीच होती, रब्बी," ब्रँडल म्हणाली. "वाफ कोंडते म्हणून हिने भोक पाडलं. मी मुकाट्याने ओतून दिलं. सकाळपासून उपाशी आहे बघा."

काय बाई ही! मी खाटेचा कठडा गदागदा हलवला. रब्बींना वाटलं मला दुखतंय, त्यांनी नर्सला हाक मारली.

"खरं का हे, लीव्ह?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं आमच्यात रक्त सांडण्यासारखं, आणि ती तर हे सगळं मन लावून शिकलेली.

"चूक झाली माझी," ती म्हणाली.

"मग घाई नको. आणखी दोन-तीन वर्षं शीक. लग्नाचं नंतर पाहू."

आन्शेलने तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. षंढ मेला. रब्बींना सोडायला खाली निघून गेला.

ब्रँडलने उशी नीट केली.

"उद्या शेवयांचं आण गं," ती लीव्हला म्हणाली. "आणि आजच्यासारखंच घट्ट बांध. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा वाटत नाही."