शेफिकाची गिरणी

मित्रांनो, मी एक गिरणी आहे. पण पिठाची नव्हे, कॉफीची. उंचीने वीतभर. अंग पितळेचे, पोटात पोलादी दात, डोक्यावर दांडा. ट्राव्निक गावातल्या तांबट आळीत मी घडले आणि शेफिकाच्या लग्नात तिच्या मामाने मला तिच्या हाती ठेवले.

एकेचाळीस वर्षे ती रोज सकाळी मला मांडीवर घेऊन बसली. दाणे ती घरीच भाजायची आणि लागतील तेवढेच दळायची, तेही सावकाश, म्हणजे मी तापत नसे आणि वास उडत नसे. उकळलेले थोडे पाणी ती बाजूला काढायची, तांब्याच्या गरम भांड्यात पूड टाकून वरून उरलेले पाणी ओतायची. फेस काठाला आला की भांडे उचलायची आणि बाजूचे पाणी हलकेच त्यात सोडायची. शेजारची फाहिरा म्हणायची, "शेफिका, तुझ्याकडची कॉफी प्यायले की घरची मला गढूळ पाणी वाटते गं!" मी मनातल्या मनात फुलून जायचे.

तिचा नवरा चामिल बस चालवायचा. घरात त्याने कधी पाणीसुद्धा उकळले नव्हते.

मग शेफिका आजारी पडली. दांडा फिरवण्याइतके बळ तिच्या हातांत उरले नाही. एके सकाळी तिने मला चामिलपुढे धरले.

"घे. आजपासून तू."

"मी? अगं, मला स्टिअरिंग फिरवता येतं, हे नाही."

"तेच करायचंय. फक्त इथे कुणाला ओव्हरटेक करू नकोस."

पण तो घाईच करायचा. पलंगावर पडून ती नुसत्या माझ्या आवाजावरून ओळखायची. "हळू! जळतेय ती!" किंवा, "खालचा स्क्रू आवळ, भरड पडतंय." एकदा त्याने मला चकचकीत करायचे म्हणून नळाखाली धुतले. माझ्या दातांवर गंज चढला. पुडीतले तांबडे कण पाहून ती कडाडली, "अरे गाढवा, ती गिरणी आहे, तुझी बस नव्हे!" मग तिने त्याला मला उघडायला लावले, कोरड्या ब्रशने दात घासायला लावले आणि मूठभर तांदूळ दळून ते फेकायला लावले. ओशाळलेल्या चेहऱ्याने त्याने सगळे केले.

तो औषधे आणायला गेल्यावर फाहिरा म्हणाली, "का छळतेस बिचाऱ्याला? औषधांनी तुझी चव गेलीय. तुला कॉफी काय नि पाणी काय!"

शेफिकाने बाहेरचे दार लागल्याची खात्री केली. मग म्हणाली, "माझ्यासाठी नाहीच ती. मी गेल्यावर हा पडदे ओढून बसेल. सकाळी उठायला काहीतरी कारण हवं ना त्याला? त्याने दोन पेले मांडले तर तू येशील?"

"येईन गं," फाहिरा म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

चामिलला हे कधीच कळले नाही.

मार्चमध्ये एके दिवशी दाट, गुळगुळीत फेस आला. शेफिकाने ओठ ओले केले आणि म्हणाली, "जमली." तो लहान मुलासारखा हसला. चार दिवसांनी दळता दळता त्याने विचारले, "आज आवाज कसा वाटतोय?" पलंगावरून उत्तर आले नाही. त्याने पुन्हा विचारले. मग त्याचा हात थांबला.

दूरच्या लिंझ शहरातून मुलगी मेर्सिहा आली. रडत रडत तिने मला पुसले आणि काचेच्या कपाटात आईच्या फोटोजवळ ठेवले. "बाबा, ही आईची आठवण. हिला आता वापरायचं नाही." जाताना तिने तयार कॉफीचे डबे आणून ठेवले. चामिलने मान डोलावली.

आता खोलीत दिवसाही अंधार असतो. फाहिरा अजून दार वाजवते. कधी तो उघडतो, बहुतेकदा नाही. माझ्यावर धुळीचा कण नाही, मित्रांनो, आणि माझा काही उपयोगही नाही.

तुमच्या घरात कुणी एकटे उरले, तर मागे राहिलेल्या वस्तू पुसून कपाटात लावायची घाई करू नका. एखादी वस्तू त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "ही कशी वापरायची? मला शिकवाल?" ते आधी नको म्हणतील. तरी उठू नका. त्यांच्याजवळ बसून राहा.