श्वास न घेणारी बाई

मित्रांनो, किल्ली हरवल्याशिवाय कपाटाकडं कुणी नीट बघत नाही. म्हणून आज जरा थांबा आणि माझं ऐकून घ्या. मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. वडगाव निंबाळकरमधल्या एका पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. रंग चॉकलेटी, एका दारावर आरसा, पोटात सध्या काही नाही. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडं जा, माझ्याकडं ती नाही.

मी जन्मलो इंदापुरात, एका वेल्डिंगच्या शेडमध्ये. पत्रा कापला, वाकवला, जोडला, वरून रंगाचा फवारा मारला. मुनिराच्या अब्बांचं तिथं शिलाईचं दुकान होतं. लेकीच्या लग्नात कपाट द्यायचंच म्हणून त्यांनी दोनदा येऊन माझी दारं उघडून-मिटून बघितली. माझ्या लॉकरमध्ये त्यांनी दागिना नाही, एक फाईल ठेवली. मुनिराला शाळेत वक्तृत्वात मिळालेली सगळी प्रमाणपत्रं तिच्यात होती. 'हे जप रे बाबा,' असं मला म्हणाले. कपाटाशी बोलणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

लग्न होऊन मुनिरा वडगावला आली आणि तिच्याबरोबर मीही. नवरा अबरार. त्यांचा घरचा धंदा मंडप आणि स्पीकरचा. सहाएक वर्षांनी अबरारनं नवं काम काढलं, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करायचं. कुठं साड्यांचं दुकान उघडलं, कुठं यात्रा आली, कुठं हळदी-कुंकू ठेवलं, की रिक्षा गावोगाव फिरते आणि भोंग्यातून एक बाई गोड आवाजात बोलावणं करते. ती बाई म्हणजे आमची मुनिरा.

पण सुरुवातीची रेकॉर्डिंगं ऐकवत नव्हती हो! वर पत्रा, खाली फरशी, भिंती बोडक्या. शब्द आपटून परत यायचा. शेजारची सारजा तोंडावर म्हणाली, "विहिरीत पडल्यावानी वाटतंय गं." अबरारनं भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. मुंग्या तेवढ्या झाल्या, आवाज होता तसाच राहिला. मग त्यानं मोबाइलवर कुठंतरी बघितलं, की कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून बोललं की आवाज घुमत नाही. झालं, माझी भरती झाली.

मधला कप्पा काढला आणि तिथं माइक बसवला. मुनिराच्या सुती साड्या दोन्ही बाजूंना टांगल्या. उघड्या दारांवर गोधड्या टाकल्या. माझा पाठीचा पत्रा गुणगुणायचा, म्हणून त्याला ट्यूबचं रबर चिकटवलं. 'प' आणि 'फ' म्हणताना माइकवर वारा फुटायचा. त्यावर तोड मुनिरानंच काढली. मोठ्या बांगडीवर जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधला आणि माइकपुढं वीतभर अंतरावर लावला. पंखा बंद, फ्रीज बंद. एकदा फ्रीज परत लावायचा राहिला आणि दोन लिटर दूध नासलं. बोलणी कुणी खाल्ली, ते सांगायला नको.

भर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली ती बाई माझ्या पोटात डोकं घालून उभी राहायची. घाम टिपायची आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायची. आवाज असा सुधारला, असा सुधारला, की बारामतीहून लोक विचारत आले. पाठ मात्र अबरारची थोपटली गेली. 'काय मशीन हाय लेका तुझ्याकडं!' मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

अबरारला मग हाव सुटली. तो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि मुनिराचा एकेक श्वास कापून काढायचा.

"अहो, श्वास तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणायची. "माणूस हाय मी."

"गप गं. श्वास काढला की आवाज कसा चकाचक होतोय बघ."

त्याच सुमाराला मुनिराला एका संस्थेची माहिती मिळाली. ही संस्था अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वाचणाऱ्याचं नाव यायचं. मित्रांनो, ह्या नावासाठी ती बाई किती झुरली, ते मी बघितलंय. दहा वर्षं भोंग्यातून गावोगाव बोलली, पण कुणी तिचं नाव विचारलं नव्हतं. संध्याकाळचा स्वयंपाक आटोपला की ती माझ्यापुढं उभी राहून नुसतीच म्हणून बघायची, "वाचन, मुनिरा अबरार तांबोळी." कधी हळू, कधी मोठ्यानं. मग स्वतःलाच हसायची.

तिनं एक धडा वाचून नमुना पाठवायचं ठरवलं. अबरार म्हणाला, "दे हिकडं, एक नंबर करून देतो." ती नको नको म्हणत होती, तरी त्यानं त्यातलेही सगळे श्वास काढले. प्रेमानंच काढले, हे कबूल करतो. नमुना गेला.

आणि नेमकी निवडणूक लागली. शेजारच्या गावची ग्रामपंचायत. तिथले पुढारी दादासाहेब, त्यांच्या पॅनेलचं चिन्ह कपबशी, विरोधकांचं शिट्टी. अबरारनं दोन्हींची कामं घेतली. सकाळी मुनिरानं माझ्या पोटात उभं राहून कपबशीला मत मागितलं आणि दुपारी त्याच तळमळीनं शिट्टीला. ती म्हणालीही, "अहो, लोक वळखतील." अबरार म्हणाला, "कोण वळखतंय?"

दुसऱ्याच दिवशी दोन्ही रिक्षा एस.टी. स्टँडवर समोरासमोर आल्या. एकच बाई इकडून म्हणतेय कपबशीशिवाय पर्याय नाही, तीच बाई तिकडून म्हणतेय शिट्टीशिवाय गावाचं भलं नाही. लोक पोट धरून हसले. कपबशीची पार शोभा झाली.

तासाभरात दादासाहेब चार माणसं घेऊन आमच्या दारात.

"अबरार, आमचं मीठ खातोस आणि वहिनींचा आवाज त्यास्नी देतोस व्हय रं?"

अबरारनं घाईनं खुर्च्या पुढं केल्या. मुनिरा चहाचा ट्रे घेऊन आतून आली होती. तिच्यासमोर तो म्हणाला, "दादासाहेब, ती बाई न्हाईच. कम्प्युटर बोलतोय. लिवून दिलं की आपोआप आवाज येतोय. कुनालाबी मिळतोय त्यो, त्याला मी काय करू?"

"मग आमच्या वहिनी न्हाईत त्या?"

"छ्या! हिला कुठलं जमतंय?"

दादासाहेबांनी मोबाइलवर जाहिरात लावली आणि कान देऊन ऐकली. मग हसले. "खरंच की रं! बाई एकदाबी श्वास घेत न्हाय."

सगळे हसले. मुनिरानं सगळ्यांना चहा दिला आणि आत गेली. मी दारं उघडी टाकून उभा होतो. मला ओरडायचं होतं. पण आवाज गिळायची सवय मलाच लावली होती ना!

चार दिवसांत गावोगाव झालं, की वडगावच्या अबरारकडं बोलणारा कम्प्युटर आहे. सारजासुद्धा म्हणाली, "अगं, मला आपलं वाटायचं, तूच बोलतीस." कपबशी निवडून आली, दादासाहेब सरपंच झाले आणि यात्रेच्या मंडपाचं काम अबरारला मिळालं.

मग संस्थेतल्या बाईंचा फोन आला. मुनिरानं माझ्याजवळ उभं राहूनच तो घेतला. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "वाचन फार सुरेख आहे. पण आम्ही फक्त माणसांचं वाचन घेतो. निवड समितीतले एक जण बारामतीचे आहेत. ते म्हणतात, हा निवडणुकीतला कम्प्युटरचा आवाज. आणि खरं सांगू का, ह्यात श्वासच ऐकू येत नाही."

"मॅडम, मी बोलतीय की आत्ता! माझाच आवाज हाय हा!"

बाईंनी तिला आणखी दोन वाक्यं बोलायला लावली. मग म्हणाल्या, "माझा विश्वास बसतोय हो. पण समितीपुढं काहीतरी हवं. रेकॉर्डिंग ज्यांनी केलं, त्यांनी फोन करून एवढंच सांगावं, की आवाज तुमचा आहे. सोमवारपर्यंत सांगा."

एक फोन, मित्रांनो. एक वाक्य.

मुनिरानं अबरारपुढं मोबाइल धरला. "सांगा की. ह्यात काय जातंय तुमचं?"

"अगं, दादासाहेबांच्या कानावर गेलं म्हंजी? खोटारडा ठरीन मी गावात. यात्रा होऊ दे, मग बघू."

"यात्रा झाल्यावर कोण थांबतंय माझ्यासाठी?"

"मग काय धंदा बुडवू? तू घरातच हायस की, तुला नाव कशाला पायजे?"

शनिवारी तिनं पुन्हा विचारलं, रविवारी हात जोडले. सोमवारी तो सकाळीच सुप्याला गेला आणि दिवस मावळल्यावर आला. मुनिरानं विचारलं नाही. त्यानं फोन केलाच नव्हता. मला त्या माणसाची किळस आली, आणि स्वतःचीही. एक एक घुमारा मीच शोषून घेतला होता, म्हणून तर ते खोटं एवढं खपलं.

पुढच्या आठवड्यात अबरार यात्रेच्या जाहिरातीचा कागद घेऊन आला. "मुनिरा, चल, दोन मिनिटांचंच हाय. पंखा बंद कर."

मुनिरा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कम्प्युटरला सांगा."

तो आधी हसला, मग चिडला, मग गयावया करू लागला. ती उठली, हात धुतले आणि माझ्यातली एकेक साडी काढून घडी घालू लागली. गोधड्या नेल्या, ओढणीचा तुकडा सोडवला, अब्बांची फाईलही नेली. सगळं स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. अबरार कागद धरून माझ्यापुढं उभा राहिला आणि स्वतःच वाचू लागला. त्याचा आवाज माझ्या रिकाम्या पोटात असा घुमला, की दोन ओळींतच तो थांबला. तेव्हापासून माझ्याकडं कुणी फिरकलेलं नाही. मला तळाशी गंज चढतोय.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. आवाज स्वच्छ करायचा तर खुशाल करा, गोधड्या टांगा, पंखे बंद करा, पण बोलणाऱ्या माणसाचा श्वास तेवढा कापू नका. आणि तुमच्या गल्लीत रिक्षा आली, भोंग्यातून कुणी बाई गोड बोलू लागली, तर रिक्षावाल्याला थांबवून तिचं नाव विचारा. तो म्हणेल कम्प्युटर आहे. तरी विचारा.

आमची बाई आता घरातसुद्धा मोठ्यानं बोलत नाही.