फत्तेसिंगराव कोचची बढती

फत्तेसिंगराव अमेरिकेत एका कॉलेजच्या टीमचे सराव कॅमेऱ्यात टिपायचा. त्यापलीकडे त्याने तिथे काही केलेलं नव्हतं. हे त्यानेच चेन्नईहून परतताना बसमध्ये, थोडी चढल्यावर, आम्हाला ऐकवलं होतं. पुढे अमेरिकन फुटबॉलची लीग आपल्याकडे सुरू झाली, मालकांना अमेरिकेहून आलेला माणूस हवा होता, आणि हा कॅमेरेवाला म्हैसूरच्या टीमचा हेडकोच झाला. टीमचं नाव गंडभेरुंड, म्हैसूरच्या राजचिन्हावरचा दोन डोक्यांचा पक्षी. मी तिची फिजिओथेरपिस्ट.

हा खेळ इथे कुणाला ठाऊक! तालमीतले पैलवान, कबड्डीवाले, वरुणा गावाकडची ऊस तोडून दंड कमावलेली पोरं, अशी भरती झाली. अंड्यासारखा चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं करायचं, हे त्यांना एका दुपारीच समजलं. कोचला मोजके डाव येत होते. तेच त्याने सगळा सीझन पुरवले. हरलो की पत्रकारांना सांगायचा, "पोरं नाचणीचे गोळे, रागीमुद्दे खाऊन येतात, पाय उचलत नाहीत." चुकूनमाकून जिंकलो की म्हणायचा, "डाव मी आखला होता."

त्याचं लाडकं भाषण मात्र घराण्याचं. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. हा स्वतः कधी टांग्यातही नीट बसला नसेल, पण मॅचच्या आधी छाती ठोकून ओरडायचा, "आपलं रक्त शिपायाचं आहे!" आमच्या नागोजीरावचे पूर्वजही त्याच फौजेतले. दिवसा तो स्कूटरच्या शोरूममध्ये असायचा, संध्याकाळी मैदानावर. हे भाषण तो ताठ उभा राहून ऐकायचा, डोळ्यांत पाणी आणून. मला त्याची कीव यायची.

हैदराबादच्या मॅचमध्ये नागोजीचं डोकं समोरच्या गड्याच्या डोक्यावर आपटलं. हेल्मेटवर हेल्मेट, नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तो उठला आणि सरळ हैदराबादवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. मी त्याला धरून बाहेर आणलं.

"नागोजी, आज वार कुठला?"

"तुंगक्का," तो शांतपणे म्हणाला, "बंबात पाणी तापलं का?"

मी त्याचं हेल्मेट काढलं, ते मांडीवर घेतलं आणि बाकावर बसले. हेल्मेटशिवाय कुणाला मैदानात घेत नाहीत.

फत्तेसिंगराव तरातरा आला. "मॅडम, हेल्मेट द्या."

"नाही."

"त्याला काही झालेलं नाही. नागोजी, ठीक आहेस ना?"

"येस सर," नागोजी म्हणाला. तो गोलपोस्टकडे बघत होता.

"ऐकलंत?"

"सर, त्याला वाटतंय तो न्हाणीघरात आहे."

"मॅच हातातून चाललीय! शिपायाचं रक्त आहे ते."

"ते डोक्यात आतल्या आत वाहायला लागलं, तर थांबवायला तुमचे पणजोबा येणार का?"

त्याने हेल्मेटची जाळी धरून ओढली. मी सोडलं नाही. आमची ओढाताण टिपायला टीव्हीचा कॅमेरा वळला, तसा हा हसला आणि हेल्मेट सोडून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. माणसाची नसली तरी कॅमेऱ्याची लाज त्याला होती.

आम्ही हरलो. "आमच्याच बाकावरच्या एका बाईने मॅच घालवली," असं त्याने पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या माणसाचा फोन आला, की मला आता यायची गरज नाही.

स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली. आणखी एक धक्का बसला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. नागोजीची बायको वनजा माझा हात धरून रडली. नागोजीने मात्र तोंड फिरवलं.

"तुम्ही सरांसमोर माझं नाव घालवलंत, तुंगक्का."

सर इस्पितळाकडे फिरकलेही नाहीत. नागोजीने पुन्हा खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला. टीम लीगमध्ये तळाला गेली. त्याबद्दल फत्तेसिंगरावला काय मिळालं? साऱ्या लीगच्या कोचांवर देखरेख करायची नोकरी! बातमी वाचून माझे वडील तिरुमलराव म्हणाले, "नापास झालेल्याला हेडमास्तर केलाय की." ते शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, त्यांना हे पचेना.

पुढल्या वर्षी मंडी मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये म्हैसूरच्या मराठा समाजाने त्याचा सत्कार केला. नागोजी नवा शर्ट घालून, मल्लिगेच्या फुलांचा हार घेऊन गेला. तिथे काय झालं ते वनजाने मला सांगितलं. साहेबांनी हार घेतला, फोटोसाठी दात काढले आणि नागोजीला विचारलं, "तुम्ही कुठल्या गावचे?"

"सर, मी नागोजी."

"हां, हां, नागोजी! कीप इट अप." आणि पुढच्याचा हार घ्यायला मान वाकवली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी नागोजी माझ्या हिनकलच्या दवाखान्यात आला. दारातच उभा राहिला.

"मान आखडते, अक्का. डावीकडे वळतच नाही."

"मग इतके दिवस काय करत होतास? आडवा हो."

मी त्याच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. छताकडे बघत तो साहेबांना उद्देशून कानडीत पुटपुटला, "कत्ते."

"गाढव निदान ओझं तरी वाहतं रे," मी म्हणाले. "आता हळूहळू डावीकडे वळव. दुखलं की सांग."