लेकीच्या दारातली गाडी

"झोपायचं का बसायचं, तेवढं सांगा," सोनाजी सुतार म्हणाला. "मंग कोणती गाडी ते मी सांगतो."

अमृतराव बुचकळ्यात पडले. गोरेगावच्या शाळेत तीस वर्षं शिपाई म्हणून काढली, पण स्वतःहून काही ठरवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. शाळेत काय करायचं ते हेडमास्तर सांगत, घरात काय करायचं ते पार्वतीबाई सांगत. पार्वतीबाई दसऱ्याला गेल्या, आणि आता हे गृहस्थ सुताराच्या अंगणात तीन गाड्यांकडे आळीपाळीने बघत उभे होते.

"दोनी बी," ते म्हणाले. "आन् सैपाक बी करायचा. आठ दिस."

सोनाजीने रंधा खाली ठेवला. "हे पाहा, छकडा पळायला चांगला, पण उघडा. दमणीला स्प्रिंगा हायेत, पोटातलं पाणी हलणार न्हाई, पण पाय पसरता येत न्हाईत. ही मालाची गाडी. वर बांबूच्या तट्ट्याची कमान बांधली तर ऐसपैस झोपाल. हाडं मात्र खिळखिळी होतील."

"जीपनं जा की," सोबत आलेला शेजारी मुंजाजी म्हणाला. "दीड घंट्यात सेनगाव."

"जीप मला सोडून वापस येते. मी ऱ्हाऊ कुठं?"

"आता घ्या! लेकीच्या घरी."

अमृतराव पुन्हा मालाच्या गाडीकडे वळले. मुंजाजीला मग आठवलं आणि तो उगाच चाकाची लोखंडी धाव चाचपू लागला. मनकर्णाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. पार्वतीबाई सकाळी लेकीकडे जायच्या, संध्याकाळी परतायच्या. पदराला शेंगदाणे बांधून आणि पाण्याचा तांब्या घरून घेऊन. आता मनकर्णाचा निरोप आला होता: आई गेल्यापासून मला माहेर उरलं नाही, आबा, आठ दिवस येऊन राहा.

गाडी दारात सोडायची, तीतच निजायचं, तिथेच भाकर भाजायची. रीतही राहील आणि लेकीजवळ राहणंही होईल. असं डोकं आपलं चाललं याचा अमृतरावांना मनातून अभिमान वाटत होता. तरी निवड करताना त्यांनी सोनाजीपुढे सतरा वेळा घोळ घातला. दमणी म्हणाले, छकडा म्हणाले, पुन्हा दमणी म्हणाले. शेवटी कमान बांधलेली मालाची गाडी भाड्याने घेऊन घरी आले.

भावाचे बैल जुंपून ते पहाटे निघाले आणि दिवस कलता सेनगावला पोचले. मनकर्णा धावत बाहेर आली, पाया पडली, गाठोडं घ्यायला हात पुढे केला. तोच तिला कमानीखाली चूल दिसली, पिठाचा डबा दिसला, घागर दिसली.

"हे काहून आणलं, आबा?"

"आपलं... तुला तकलीफ नको म्हनून."

समोरच्या ओसरीवरून भागूबाई म्हातारीने मान लांब केली. "बाप गाडीतच ऱ्हाणार व्हय, मनकर्णा? बराबर हाय. रीत हाय ती."

मनकर्णाचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "नऊ वर्सं लोकं माझ्या माघारी बोलून राहिले. आता तुमी गाडीच आणून उभी केली दारात. आठ दिस येणारं-जाणारं पाहील."

चाकं, बैल, अंथरूण, सगळ्याचा विचार अमृतरावांनी केला होता. गाडी उभी कुणाच्या दारात राहणार, हे तेवढं राहून गेलं होतं.

"मंग वापस जाऊ का?"

"जा म्हनलं का मी?"

जावई रामजीने बैल सोडले आणि दगडी डोणीवर नेले. बैलांनी खाली तोंडं घातली आणि ते मनसोक्त पाणी प्यायले. अमृतरावांना बैलांचा हेवा वाटला.

तेवढ्यात मनकर्णा चाकावर पाय देऊन गाडीत चढली आणि अंथरुणावर मांडी घालून बसली. "भूक लागली," ती म्हणाली. "आई गेल्यापासून माहेरची भाकर खाल्ली न्हाई. करता का?"

म्हातारा हरखला. गाडीशेजारी चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं, घागर वाकडी केली. घागर रिकामी. दिवसभराच्या हिसक्यांनी सगळं पाणी गाडीच्या फळ्यांमधून वाटेवर सांडलं होतं. दमणी घ्यायला हवी होती की काय, या विचारात ते पुन्हा गुरफटले.

"थांबा," म्हणत मनकर्णा उतरली, घरात गेली आणि तांब्या भरून आली. अमृतरावांनी पाणी ओतलं आणि पीठ मळायला घेतलं. गोळा झाल्यावर त्यांचा हात थबकला.

पाणी आपल्या घरचं, हे मनकर्णाच्या आधीच लक्षात आलं होतं. बोलली मात्र नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. अमृतरावांना पार्वतीबाई आठवल्या, उन्हातान्हात कोरड्या तोंडाने परत येणाऱ्या. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. काही कळेना. सांगणारं कुणीच उरलं नव्हतं.

समोर भागूबाई अजून ओसरीवर उभीच होती.

अमृतरावांनी भाकर थापली, तव्यावर टाकली. एका कडेला ती करपली. त्यांनी ती मोडून दोन तुकडे केले, चांगला मनकर्णाच्या हातात दिला आणि करपलेल्याचा पहिला घास आपण खाल्ला.