हरा-भरा माल

पैज लागली ती दात घासता घासता. धामणपेठच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, गल्लीत दिनकर मास्तरांच्या ओट्यावर भुजंग लिंबाची काडी चघळत बसला होता, अन् समोरून व्यंकटराव शेरवानी चढवून, अत्तर मारून, काठी टेकत आले.

दोघं सख्खे शेजारी. दोघांची बी धान्याची आडत, दोघांच्या घरांत एकच भिंत, अन् त्या भिंतीवरून बापजाद्यांपासून बोलणं कमी अन् शिव्या जास्त गेलेल्या. व्यंकटरावांच्या न्हाणीचं पाणी भुजंगाच्या अंगणात यायचं, भुजंगाच्या चुलीचा धूर व्यंकटरावांच्या देवघरात जायचा. दोघांना बी वाटायचं की समोरचा हे मुद्दाम करायलाय. अन् ते खरंच होतं.

त्या साली तर जास्तच पेटलं होतं. हैदराबादचे बडे अडते बन्सीधर शेठ, त्यांनी दोघांना सारखाच निरोप धाडला होता: नव्या हरभऱ्याची वीस-वीस पोती रेल्वेनं पाठवा, ज्याचा माल माझ्या गोदामात आधी पडंल, त्याच्याकडूनच हंगामभर खरेदी करीन. व्यंकटरावांना हा सौदा म्हणजे भरल्या ताटात लोणचं. भुजंगाचं तसं नव्हतं. गारपिटीनं मागची दोन सालं त्याचं दुकान नुसतं उघडायचं अन् लावायचं राहिलं होतं. सौदा हुकला तर दुकानाला कुलूप, हे त्याला ठाव होतं, अन् बायकोला, चतुराबाईला, त्याच्या आधीच ठाव होतं.

"काय व्यंकटराव, लय नटलेत. इंजनाला मुजरा करायला निघालेत का?"

व्यंकटराव थांबले. "भुजंग्या, ठेसनात नवा मालबाबू आलाय. थेट हैदराबादचा. त्याच्यासंगं त्याच्या जबानीत चार शब्द बोलावं लागतेत. तुझ्यासारखं 'अवो सायेब, अवो सायेब' करून डबा हालत न्हाई."

"मंग पोती बी उर्दू ऐकून पळायलीत म्हणा की!"

ओट्यावरचे सगळे खदखदले. व्यंकटरावांचे कान लाल झाले. एवढं उर्दू शिकलेला माणूस, पण राग आला की पक्का धामणपेठी.

"हास, हास. माझी पोती हैदराबादेत, काचीगुड्याच्या फलाटावर तुझ्या आधी उतरतेत का न्हाई ते बघ. न्हाई उतरली तर मला पोत्यात घाला!"

"घालूच की. नुसतं घालून काय करावं? बाजाराच्या दिशी मालधक्क्याच्या काट्यावर वजन, छातीला मालाची चिठ्ठी, अन् हातगाडीवर टाकून पेठंतून मारुतीपर्यंत. हारला तो माल."

"अन् तू हारलास तर? तुला तोलायला काटा कशाला, सोनाराची गुंज बास!"

मास्तर पंच झाले. त्यांनी धोतराचा सोगा सावरत निकालाची अट सांगून टाकली, "काचीगुड्याच्या फलाटावर ज्याची पोती आधी, तो जिंकला. नंतर कुरकुर नाही."

भिंतीमागून चतुराबाईचा आवाज आला, "लावा पैजा! दुकानात उंदरं उपाशी मरायल्यात, अन् ह्यांना मारुतीची वरात सुचायलीय!"

त्याच दिशी दोघांच्या गाड्या ठेसनात गेल्या. व्यंकटराव पुढं. मालबाबू तरणा होता, डोक्याला रुमी टोपी, बोलणं गोड, पण मराठीचा एक शब्द कळत नव्हता. व्यंकटरावांनी कमरेत वाकून हात कपाळाला नेला.

"आदाब अर्ज़ है हुज़ूर. बीस बोरे चना. आला दर्जे का चना."

बाबू खूश झाला. "तशरीफ़ रखिए" म्हणून खुर्ची दिली. व्यंकटरावांनी पानाचा डबा काढला. गझल की काय, तिच्या दोन ओळी बी झाल्या. शेवटी बाबू म्हणाला, "मालगाड़ी से जाएगा. डिब्बा लगने में दो-चार रोज़ लगेंगे." एवढ्या थाटात ऐकलं की दोन-चार रोज बी माणसाला बक्षीस वाटतेत. व्यंकटराव मिशीत हसत बाहेर पडले अन् दारातून भुजंगाला म्हणाले, "जा रे, कर आता अवो सायेब."

भुजंग आत गेला. त्याच्या पोत्यांची एक तऱ्हा होती. माल नव्या सुगीचा हाय हे कळावं म्हणून तो दर पोत्याच्या तोंडाला हरभऱ्याच्या हिरव्या ढाळ्याची जुडी बांधायचा, घाट्यांसगट. त्याच्या बापाची रीत. ओळीनं वीस पोती, अन् वीस हिरवे तुरे.

"क्या माल है?" बाबूनं विचारलं.

"हरभरा."

"क्या?"

"हरभरा, सायेब. ह-र-भ-रा!"

बाबूनं मान वाकडी करून त्या हिरव्या तुऱ्यांकडं बघितलं, अन् त्याचा चेहरा उजळला. "अच्छा, हरा-भरा! सब्ज़ी है?"

भुजंगानं न्हाई म्हणायला तोंड उघडलं. उघडलेलं तसंच राहिलं. कारण बाबू पुढं बोलला, "तो पहले क्यों नहीं बोले मियाँ? सब्ज़ी मालगाड़ी से भेजोगे तो रास्ते में सूख जाएगी. शाम की पैसेंजर से जाती है."

खिडकीतून बाहेर व्यंकटराव दिसत होते, हमालाला काठीनं ढोसत. भुजंगानं उघडं तोंड मिटलं. त्यानं दोन्ही हात जोडले.

"जी सायेब. लय हरा. लय भरा."

पॅसेंजरचं भाडं मालगाडीपेक्षा चढं होतं. घरात शिल्लक होतं ते सगळं त्यानं बाबूच्या टेबलावर ओतलं. माल सोडवायची पावती, म्हणजे बिल्टी, ती बन्सीधर शेठच्या नावानं टपालात टाकली अन् संध्याकाळी पॅसेंजर हलली तशी आपली पोती डोळ्यांनी जाताना बघितली. हिरवे तुरे वाऱ्यावर डुलायले होते. मागं मालधक्क्यावर व्यंकटरावांचा चना आदबशीर बसून होता.

मंग काय विचारता! भुजंग रोज ठेसनात चक्कर टाकायचा अन् भिंतीवरून बातमी द्यायचा.

"व्यंकटराव, तुमच्या पोत्यांनी आज मला सलाम केला. उठून उभं राहायलती, पण मीच म्हणलं, बसा, बसा, तशरीफ राखा!"

 पलीकडं न्हाणीत बदाबद पाणी पडायचं अन् भुजंगाच्या अंगणात चिखल व्हायचा. व्यंकटराव त्या दिवसांत दोन-दोनदा आंघोळ करायले होते.

शेवटी डबा लागला. भुजंग परत भिंतीवर.

"गेली हो पोती! पूर्णा ठेसनापर्यंत गेली. तिथं डबा तोडून बाजूच्या रुळावर लावलाय म्हणं. गार्डनं सांगितलं. पूर्णेचं पाणी बरं हाय, तब्येत सुधरंल चन्याची!"

"तुझ्या तोंडात किडे पडतील, भुजंग्या!"

"पडू द्या. तुमच्या चन्यात पडायच्या आधी पडले म्हंजे मिळवलं."

भुजंगाला वाटायचं, आता बन्सीधरचा माणूस आलाच म्हणून समजा. त्यानं दुकान सारवून घेतलं. दारावर तोरण बांधलं. चतुराबाईनं विचारलं, "अवो, एवढं काय करून ठेवलंत?" तर गडी नुसता हसायचा.

अन् माणूस आला. चंद्रभान मुनीम, बन्सीधर शेठचा उजवा हात. पॅसेंजरमधून उतरून थेट गल्लीत. मास्तरांच्या ओट्यावर बसला, पाणी प्याला, टोपीनं वारा घेतला, अन् हात जोडले ते व्यंकटरावांना.

"व्यंकटराव, शेठजींनी सौदा तुमच्यासंगं पक्का केलाय. हंगामभर."

भुजंग पुढं सरसावला. "मुनीमजी, माझा माल आधी गेला! पॅसेंजरनं गेला!"

"तुमचा माल?" मुनीमानं त्याच्याकडं बघितलं, अन् त्याला हसू आवरंना. "म्हंजे ते तुमीच का! भुजंगशेठ, तुमची बिल्टी आली, तिच्यावर लिहिलेलं सब्ज़ी, अन् धाडणाऱ्याचं नाव लागंना. शेठजी म्हणाले, आपण धान्याचे अडते, आपल्याला वांगी-भोपळे कोण धाडायलाय? दुसऱ्या कुणाची असंल म्हणून बाजूला ठेवली. अन् हिरव्या मालाचा कायदा तर ठाव हाय ना? कुणी उचलला न्हाई तर दुसऱ्या दिशी फलाटावरच हर्रास. टांगेवाल्यांनी बोली लावून घेतला, पडत्या भावात. काचीगुड्याची घोडी अजून हरभरा खायलीत."

 मंग व्यंकटराव हसले. असं हसले की शेरवानीचं बटन तुटून मास्तरांच्या तांब्यात पडलं.

"हरा-भरा! अरे घोड्यांनी सलाम धाडलाय का रे भुजंग्याला? म्हणावं, शेपटीनं धाडा!"

भुजंगानं मान वळवली. दारात चतुराबाई सूप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  सूप तिथंच ठेवलं, दुकानाच्या दारापाशी गेली, अन् तोरण ओढून काढलं.

दुसरा कुणी असता तर घरात जाऊन पडला असता. पण आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतेत, अन् भुजंग तर त्यांचा मुकादम. नाक गेलंच होतं. मंग अपशकुन तरी वाया का घालवावा?

"मुनीमजी," तो म्हणाला, "एकच सांगा. काचीगुड्याच्या फलाटावर पोती आधी कुणाची उतरली?"

"आता ते विचाराल तर... तुमचीच. ह्यांची तर परवा आली."

भुजंगानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी तांब्यातलं बटन काढलं, पुसलं, व्यंकटरावांच्या हातात दिलं.

"पैज भुजंगनं जिंकली."

"काय? सौदा माझा, अन् पैज ह्याची?" व्यंकटराव ताडकन उठले. "ह्याचा माल घोड्यांच्या पोटात गेला मास्तर!"

"पोटाचं बोलणं झालं नव्हतं. फलाटाचं झालं होतं. तुम्हीच बोललात."

"मी न्हाई बसत पोत्यात! काय करशील?"

"नका बसू," भुजंग म्हणाला. "मुनीमजी, ऐकून ठेवा हो. व्यंकटरावांची जबान अशी. सकाळी एक, संध्याकाळी एक."

चंद्रभान मुनीमानं टोपी डोक्यावर नीट बसवली. "आमचे शेठजी जबानीवरच सौदा करतेत," एवढंच तो बोलला, अन् दुसरीकडं बघायला लागला.

बाजाराच्या दिशी मालधक्क्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. देवगाव फाट्यापासूनच्या गाड्या आलेल्या. व्यंकटराव शेरवानीसगट पोत्यात कमरेपर्यंत उतरले. हमालांनी उचलून काट्यावर ठेवलं. मालबाबू बिचारा हसू दाबत वजन बघायला होता. दोन मण अन् वर बरंच, असं हमालानं ओरडून सांगितलं, तशी बायकांनी बी पदर तोंडाला लावला. भुजंगानं स्वतःच्या हातानं छातीला चिठ्ठी टाचली, टाचणी जरा आत बी टोचली.

"भुजंग्या!"

"मालाला बोलता येत न्हाई, व्यंकटराव."

हातगाडी हलली. भुजंग पुढं, दोन्ही हात वर. "बाजूला व्हा! नाजूक माल हाय! व्यंकटराव आडतवाल्यांचा माल हाय, बघून घ्या!" पोरं शिट्ट्या मारायली होती. गाडी पेठंत शिरली. शेतकरी बैल सोडून बघायला धावले. भुजंगाला असं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं. मोंढ्याच्या तोंडापर्यंत मिळालं.

तिथं पोत्यातून आवाज आला. घसा खाकरून, खणखणीत.

"ऐका हो! बन्सीधर शेठचा हंगामाचा सौदा माझ्याकडं हाय! नवा हरभरा कुणाकडं हाय? मोंढ्याच्या भावापेक्षा चढा भाव, रोख! हे बघा, त्यांचे मुनीम संगं हायत!"

गर्दीतलं हसू जरा थांबलं. मागून चालणाऱ्या चंद्रभान मुनीमानं मान डोलावली.

"खरं का हो?" एका म्हाताऱ्यानं गाडीच्या दांड्याला हात घातला. "माझी चाळीस पोती हायत."

"आणा. आजच आणा. भिंतीच्या अल्याडचं दुकान, पल्याडचं न्हाई. पल्याड घोड्यांचा माल मिळतो!"

आता लोक हसले ते भुजंगाला. दुसरा पुढं आला, तिसरा आला, बाया बी नवऱ्याला ढोसायला लागल्या. हातगाडीभोवती गाड्यांची रांग लागली. व्यंकटराव पोत्यातूनच हात मिळवायले होते, भाव ठरवायले होते. भुजंगाच्या दुकानासमोरून वरात गेली तेव्हा चतुराबाई दाराला कडी घालायली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं न्हाई.

भुजंगाचे हात आपोआप खाली आले. तो थांबला, तशी गाडी बी थांबली.

"का रे? मारुती अजून लांब हाय," व्यंकटराव पोत्यातून म्हणाले. "पैज पुरी कर. अन् जरा मोठ्यानं ओरड, भुजंग्या. मागच्या गाड्यांना ऐकू येत न्हाई."

भुजंगानं दात खाल्ले, हात वर केले अन् ओरडत निघाला, "बाजूला व्हा! व्यंकटराव आडतवाल्यांचा माल हाय!"